मनोव्यथेची मोजणी आणि खानदेश : संशोधनपद्धतीच्या इतिहासाची काही पाने

चाळीसगावच्या दक्षिणेस, कन्नडकडे जाणाऱ्या घाटाच्या वरच्या अंगाला, सातमाळा डोंगराच्या कपारीत पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. शासकीय हद्दीप्रमाणे ती आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. परंतु डोंगराच्या उत्तरेस पसरलेला मुलूख खानदेशचा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात कोरलेल्या या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत मगिल नावाच्या राजवैद्याच्या आणि त्याच्या मुलामुलीच्या दानाचा उल्लेख आहे. लेखातील प्राकृत शब्द ‘राजवेज’ असा आहे. याच लेण्यांच्या सफाईत एक ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची यक्षमूर्ती मिळाली. कण्हदास नावाच्या सोनाराने ती घडविल्याचे तिच्या हातावर कोरलेले आहे. ज्या खडकावर वैद्याचे नाव आहे त्याच खडकाच्या आश्रयाने यक्षही उभा होता. खानदेशातील ज्या घरात कोणाचे मन ढळते ते घर आजही या दोघांच्या मध्ये कोठेतरी सापडते. एक वाट दवाखान्याकडे जाते, दुसरी भगताकडे, आणि पुष्कळ कुटुंबे दोन्ही वाटांनी जाऊन येतात.

प्रस्तुत लेखात मनोविकारांवरील उपचारांची चर्चा आम्ही करणार नाही. तो वैद्यकाचा अधिकार आहे. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. निरनिराळ्या समाजांतील माणसांच्या मनोव्यथा जाणून घेण्यासाठी गेल्या दीडशे वर्षांत ज्या पद्धती वापरल्या गेल्या, त्यांत कोणी कोणाला विचारले, कोणत्या शब्दांत विचारले आणि कोणाचे ऐकायचे राहून गेले? जळगाव व धुळे जिल्ह्यांतील आमचे विद्यार्थी आता समाजकार्य, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांचे प्रबंध घेऊन वस्त्यांत जाऊ लागले आहेत. त्यांच्या हातातील प्रश्नावली कोठून आली याचा इतिहास त्यांना ठाऊक असावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

प्रथम आमच्या स्वतःच्या विषयाकडे वळू. दरीमुख जातकाच्या अट्ठकथेत आठ प्रकारचे उन्मत्त सांगितले आहेत. काम, क्रोध, मिथ्या दृष्टी, मोह, यक्ष, पित्त, सुरा आणि ब्यसन यांपैकी एकेकाच्या अधीन झालेले असे हे आठ आहेत. शेवटच्या शब्दाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. आजच्या मराठीत व्यसन म्हणजे दारू, तंबाखू, जुगार. पालीतील ‘ब्यसन’ म्हणजे हानी, नाश, आपत्ती. आप्त गेले, धन गेले आणि त्या शोकाने ज्याचे मन भ्रमले तो ब्यसनुम्मत्तक. थेरीगाथेतील वासेट्ठी पुत्रशोकाने तीन वर्षे वेडीपिशी होऊन भटकत होती. पटाचारेची कथा तर आमच्या उपासिकांना तोंडपाठ असते. सुरेने उन्मत्त झालेला या यादीत वेगळा आहे आणि शोकाने उन्मत्त झालेला वेगळा. एकाच शब्दाचा अर्थ दोन भाषांत असा उलटापालटा होतो, हे पुढे प्रश्नावल्यांच्या भाषांतराचा विचार करताना उपयोगी पडेल.

या यादीत यक्ष आणि पित्त शेजारी शेजारी बसले आहेत. अट्ठकथाकाराने लोकांत प्रचलित असलेली कारणे एका ओळीत मांडली. त्यांपैकी कोणते खरे हा निवाडा त्या ठिकाणी केला नाही. निवाड्याची जागा दुसरीकडे आहे. संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक तथागतांना विचारतो की माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, हे बरोबर आहे काय? तथागत पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुबदल, विषम वर्तन, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगतात आणि सर्वच पूर्वकर्माच्या माथी मारणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे ठरवितात. ही गोष्ट स्वतःच्या अनुभवानेही कळते आणि लोकांतही ती खरी मानली जाते, असा दुहेरी दाखला ते देतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत का नाकारला, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना या सुत्ताचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ज्याच्या घरी मनोरुग्ण आहे त्याला ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे शब्द ऐकावे लागतात, आणि अस्पृश्य म्हणून जन्मलेल्यांना ते प्रत्येक दुःखाबद्दल ऐकावे लागले.

मात्र एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे. आधुनिक मानसशास्त्राने जे जे शोधले ते अडीच हजार वर्षांपूर्वी तिपिटकात होतेच, असा सूर आमच्या नियतकालिकांत अधूनमधून उमटतो. तो आम्हांला मान्य नाही. दरीमुख जातकातील यादी म्हणजे निदानशास्त्र नव्हे. पाली ग्रंथांकडून घ्यावयाची ती कारणे अनेक असू शकतात ही दृष्टी, आणि आपण काय पाहिले व काय केवळ ऐकले यांतील भेद राखण्याची शिस्त.

इंग्रजी राजवटीत वेड्यांची मोजणी खानेसुमारीने सुरू केली. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या खानेसुमारींत आंधळे, मुके-बहिरे, कुष्ठरोगी आणि वेडे यांची नोंद होत असे. पद्धत सोपी होती. गणक घरोघर जाई आणि घरच्या कर्त्या माणसाला विचारी. उपवर मुलीला झटके येतात हे कोणता बाप सरकारी माणसाला सांगेल? महारवाड्यात आणि भिल्लांच्या पाड्यांत गणक कोठवर आत गेला असेल आणि कोठून वेशीवरच्या माणसाच्या सांगण्यावर आकडा टिपून परतला असेल? या आकड्यांवर फार भिस्त ठेवता येत नाही हे खुद्द खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांनाही कळत होते, आणि १९३१ नंतर ही नोंद बंद झाली. सर्व जातींची सविस्तर कोष्टके छापली जाण्याचेही ते शेवटचेच वर्ष. त्यानंतरच्या खानेसुमारीत मनोव्यथा आणि सर्व जाती एकाच तक्त्यावर पुन्हा आल्या नाहीत. ही नोंद सदोष होती; पण तिच्या जागी अधिक चांगली नोंद पुष्कळ वर्षे आली नाही, हेही खरे.

मोजणीच्या जोडीला वर्णन होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील बारावा खंड १८८० साली निघाला. जमिनी, पिके, बाजार, घाट यांची त्यातील माहिती आजही अभ्यासकांना लागते. परंतु जातीजमातींच्या वर्णनात या मालिकेची एक ठरलेली रीत आहे. अमुक जात कष्टाळू, तमुक आळशी, अमकी मद्यासक्त, तमकी भांडखोर, असे प्रत्येकीच्या स्वभावाचे प्रमाणपत्र दिलेले असते. सातपुड्यातील भिल्ल या लेखणीतून सुटले नाहीत. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा हे याच विचाराचे कायद्यातील रूप होय. संपूर्ण समाजाला एकच मन आहे आणि ते बाहेरच्या माणसाला चार दिवसांच्या दौऱ्यात कळते, अशी ती समजूत होती.

याच्या शेजारी विसुद्धिमग्ग ठेवून पाहावा. आचार्य बुद्धघोष माणसांच्या सहा चरिता सांगतात: राग, दोस, मोह, सद्धा, बुद्धि आणि वितक्क. चालणे, बसणे, झाडलोट करणे, जेवणे, पाहणे यांवरून साधकाची चरिता कशी ओळखावी याचे बारीक वर्णनही करतात. केरसुणी कोण कशी धरतो येथपर्यंत ते जातात. पण प्रकरणाच्या अखेरीस ते नमूद करतात की ओळखण्याची ही रीत पालीत किंवा अट्ठकथेत संपूर्णपणे आलेली नाही, ती केवळ आचार्यांच्या मतानुसार सांगितली आहे, म्हणून तिला सारभूत मानू नये. शिवाय ही चरिता एकेका साधकाची असते, जातीची किंवा गावाची नसते. गॅझेटियरच्या लेखकांपाशी साधने पुष्कळ होती, हा संयम मात्र नव्हता.

मोजमापाला मोजमापानेच कसे उत्तर द्यावे हे बाबासाहेबांनी दाखविले. ते मानववंशशास्त्राच्या वर्गात शिकलेले होते. ‘भारतातील जाती’ हा त्यांचा निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील अशाच एका वर्गात वाचला गेला. अस्पृश्य हे भिन्न वंशाचे, म्हणून हीन, असे म्हणणाऱ्यांच्या हातात नाकांच्या मापांची कोष्टके होती. १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात बाबासाहेबांनी तीच मापे घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात हे त्यांतूनच दाखवून दिले. आकडे बाजूला न सारता, ते कशाचे आहेत आणि त्यांतून खरोखर काय निघते, एवढेच त्यांनी विचारले.

मनोविकारांच्या तुलनात्मक अभ्यासाचा आरंभ सामान्यतः जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्यापासून धरतात. १९०३-०४ मध्ये ते जावा बेटावर गेले, तेथील वेड्यांच्या इस्पितळात त्यांनी रुग्ण पाहिले आणि १९०४ साली ‘तुलनात्मक मानसोपचार’ या नावाने लेख लिहिला. विषण्णतेचे युरोपात दिसणारे रूप, विशेषतः आपण पापी आहोत ही भावना, त्यांना जावातील रुग्णांत क्वचितच आढळली. ही नोंद मोलाची होती. पण तिचे स्पष्टीकरण त्यांनी वंश आणि मानसिक विकासाची पायरी यांत शोधले. ज्या समाजाच्या धार्मिक जीवनात ख्रिस्ती पापकल्पना मध्यवर्ती नाही तेथे दुःख त्या भाषेत बोलणार नाही, इतका साधा विचार आधी का झाला नाही याचे आम्हांला आजही नवल वाटते. ते रुग्ण दुभाष्यांमार्फत बोलत होते, इस्पितळात कोंडलेले होते, आणि विचारणारा राज्यकर्त्यांच्या वर्णाचा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर वंशाची भाषा मागे पडली आणि समान साधनाची भाषा पुढे आली. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात छिन्नमनस्कतेची आंतरराष्ट्रीय पाहणी हाती घेतली. नऊ देशांत तिची नऊ केंद्रे होती, भारतातले आग्रा येथे. एकंदर १२०२ रुग्णांची एकाच प्रकारच्या मुलाखतीने तपासणी झाली आणि पुढे काही वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. आग्रा आणि नायजेरियातील इबादान येथील रुग्णांची प्रगती श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा बरी दिसली. या निष्कर्षाने भारतात पुष्कळांना आनंद झाला आणि एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणारे लेख निघाले. पुढील काळात अभ्यासकांनी शंका घेतल्या: सगळीकडचे रुग्ण एकाच प्रकारचे होते काय, मागोव्यातून गळालेल्यांचे काय झाले? आमची शंका त्याहून साधी आहे. ज्या कुटुंबाने रुग्णाला केंद्रापर्यंत आणले त्याचीच नोंद झाली. जो घराच्या मागच्या खोलीत राहिला, जी माहेरी परत पाठविली गेली, त्यांचा या पद्धतीशी संबंधच आला नाही.

१९७७ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी या पद्धतीतील मर्मावर बोट ठेवले. एका समाजात घडलेली रोगाची व्याख्या दुसऱ्या समाजात नेली, तीत बसणारी माणसे तेथे सापडली, एवढ्यावरून ती व्याख्या तेथेही सार्थ आहे असे सिद्ध होत नाही. साच्यात बसेल तेवढे सापडते. साच्याबाहेरचे दुःख मोजणीत येतच नाही. रुग्ण आणि त्याचे घरचे या दुःखाला काय म्हणतात, त्याचे कारण काय मानतात, कोणाकडे जातात आणि कशाची भीती बाळगतात, हे आधी विचारले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

या विचाराला कामाच्या पद्धतीचे रूप मिळाले ते आपल्या मुंबईत, आणि ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी सांगितली गेलेली नाही. मिचेल वाइस, केईएम रुग्णालयाचे डॉ. दुंगाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलाखतीची एक सूची तयार केली आणि तीवरील निबंध १९९२ साली ब्रिटनमधील मानसोपचाराच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी सुरुवातीला निवडलेला रोग कुष्ठरोग होता. कारण उघड आहे. या रोगात शरीराच्या व्यथेपेक्षा लोकांच्या नजरेची व्यथा अधिक खोल जाते. तुलनेसाठी त्यांनी पांढरे कोड असलेले आणि शिबे असलेले रुग्ण घेतले. कोडाने शरीराला इजा होत नाही, पण समाज दूर सारतो. शिब्यांची कोणी पर्वा करीत नाही. तिघांशी बोलल्यावर मनावरचा भार रोगाचा किती आणि कलंकाचा किती हे वेगळे करता येते. मुलाखतीची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. आधी मोकळा प्रश्न विचारायचा आणि माणूस आपणहून काय सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचे. मग एकेक संभाव्य कारण नाव घेऊन विचारायचे: खाणेपिणे, कष्ट, चिंता, करणी, नशीब, पूर्वकर्म. आपणहून सांगितलेले आणि विचारल्यावर सांगितलेले यांना वेगळे वजन द्यायचे. शेवटी यांतले सर्वांत महत्त्वाचे कोणते तेही त्यालाच विचारायचे. आकडेही मिळतात आणि माणसाची कहाणीही हरवत नाही. यक्ष आणि पित्त यांना एका ओळीत मांडणाऱ्या अट्ठकथाकाराला ही रीत परकी वाटली नसती. पुढे पुण्यात याच पद्धतीने थकवा आणि अशक्तपणाची तक्रार घेऊन येणाऱ्यांचा अभ्यास झाला. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानग्रंथात रुग्णाच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीची जी मुलाखत समाविष्ट केली, तिच्या चाचणीच्या स्थळांतही पुणे होते.

दुसरी पद्धत म्हणजे मुक्काम करून पाहण्याची. व्हिएदा स्कल्टन्स या विदुषींनी फलटण येथील महानुभाव मंदिरात बऱ्या होण्यासाठी येऊन राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांचा निबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांना दिसले ते असे: रुग्ण पुरुष असला तरी अंगात येते ते पुष्कळदा त्याच्या आईच्या किंवा पत्नीच्या. घरातल्या माणसाचे दुखणे स्त्रिया स्वतःच्या अंगावर घेतात आणि दुखण्याचा दोषही त्यांच्याच माथी येतो. कोणतीही प्रश्नावली घेऊन अर्ध्या तासासाठी गेलेल्याला हे दिसले नसते. खानदेशातही महानुभावांची स्थाने आहेत, आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीच्या दर्ग्यात सर्व धर्मांची माणसे आपले मनोरुग्ण घेऊन जातात. मात्र अशा स्थळांवर लिहिताना काही अभ्यासक इतके मोहून जातात की साखळदंड त्यांना दिसेनासे होतात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आगीत २८ मनोरुग्ण मरण पावले, कारण ते बांधलेले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. लोकांचा दृष्टिकोन समजून घेणे आणि त्याला मान डोलावणे यांत अंतर आहे.

भाषेचा प्रश्न झिंबाब्वेने आणि गोव्याने चांगला पुढे आणला. हरारे येथे विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोना भाषेतील लोकांच्याच तक्रारींतून चौदा प्रश्नांची सूची बांधली. तीत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे अति विचार करणे या शब्दाला मानाचे स्थान होते. पटेल पुढे गोव्यात आले आणि १९९६ साली ‘संगत’ ही संस्था उभी राहिली. गोव्यातील स्त्रियांशी बोलून केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. विषण्णता हे नाव त्या स्त्रिया घेत नव्हत्या. अंगदुखी, थकवा, पैशाची ओढाताण आणि नवऱ्याशी बेबनाव यांविषयी बोलत होत्या, आणि त्या सर्वाला ‘टेन्शन’ म्हणत होत्या. खानदेशातही हा शब्द आता मराठीच झाला आहे.

आमच्या दालनातील एक शब्द याच प्रवासात अडकला आहे. पालीतील ‘सति’ इंग्रजीत गेली, तेथून अमेरिकेतील रुग्णालयांत गेली, तिच्यावर मापनाच्या प्रश्नावल्या तयार झाल्या, आणि त्या प्रश्नावल्या भाषांतरित होऊन भारतात परत येत आहेत. धम्मात सति ही सम्मा आहे की मिच्छा हा प्रश्न असतो, ती शीलापासून तुटलेली नसते. प्रश्नावलीत ती केवळ लक्ष देण्याची क्षमता उरते. धुळ्याच्या किंवा इगतपुरीच्या शिबिरात बसलेल्या उपासिकेला ती प्रश्नावली दिली तर ती उत्तर देईल खरे, पण उत्तर तिच्या सतीचे असेल काय? एका भाषेतून दुसरीत आणि पुन्हा उलट पहिलीत भाषांतर करून पाहण्याची जी सर्वमान्य पद्धत आहे तिने शब्द जुळल्याची खात्री होते, अर्थाची होत नाही. ‘ब्यसन’चे ‘व्यसन’ आणि पुन्हा ‘व्यसन’चे ‘ब्यसन’ केले तर परीक्षक समाधानी होईल.

आणि खानदेशात भाषा तरी एक आहे काय? शाळेत प्रमाण मराठी, घरात अहिराणी; यावल-रावेरकडे लेवा गणबोली; सातपुड्यात पावरी आणि भिल्लांच्या बोली; शहरांतील मोहल्ल्यांत उर्दू. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांनी मनाविषयी जी कविता केली ती लेवा गणबोलीत, शेतातल्या अनुभवांतून. त्या लिहायला शिकलेल्या नव्हत्या. मन या विषयावर खानदेशची भाषा किती पुढे जाऊ शकते याचा तो पुरावा आहे. तरीही आमच्या विद्यार्थ्यांच्या हातातील प्रश्नावल्या पुण्या-मुंबईच्या छापील मराठीत असतात.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केले. बारा राज्यांतील ३९,५३२ व्यक्तींच्या मुलाखती झाल्या. प्रौढांत दर शंभरांपैकी सुमारे दहा ते अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता असे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य उपचाराविना होते. खानदेशाला लागून असलेली मध्य प्रदेश आणि गुजरात ही राज्ये त्या बारांत होती, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावरील भिल्लांच्या राज्याचा आकडा आहे, अलीकडच्या उतारावरील चोपडा-शिरपूरचा नाही. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, त्यामुळे रुग्णालयाच्या नोंदवह्यांतूनही खानदेशचे चित्र उभे राहणे कठीण आहे.

जातीच्या प्रश्नाला हात घालणारे काम निराळ्या दिशेने आले. आशिष गुप्ता व डायान कॉफी यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७-०८ च्या एका पाहणीची आकडेवारी वापरली. त्या पाहणीत महाराष्ट्रासह सहा राज्ये होती. उदासपणा आणि चिंता यांविषयी स्वतः दिलेल्या उत्तरांत दलित आणि मुस्लिम यांची स्थिती सवर्ण हिंदूंपेक्षा वाईट दिसली, आणि शिक्षण व संपत्ती यांचा फरक हिशेबात घेतल्यावरही ती तफावत पूर्णपणे मिटली नाही. बाबासाहेबांनी नाकांच्या मापांचे जे केले तेच हे काम आहे. दुसऱ्या हेतूने गोळा झालेल्या आकड्यांना आपला प्रश्न विचारणे. बौद्धांच्या बाबतीत मात्र अशा हिशेबात एक विशेष अडचण येते. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, तरी अनेक घरांतील वडिलांच्या कागदावर हिंदू महार आणि मुलाच्या कागदावर बौद्ध अशी नोंद असते. पाहणी करणारा ज्या रकान्यात लिहील त्याप्रमाणे एकच घर दलितांत जाते किंवा ‘इतर धर्मां’त जाते. ज्या संशोधकाला जात आणि मनोव्यथा यांचा संबंध पाहावयाचा आहे त्याने हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत आणि उत्तर देणारा स्वतःला काय म्हणवितो तेही लिहून घेतले पाहिजे.

आता आमच्याच वस्तीतील गोष्ट. बाबासाहेबांच्या १९३७ मधील भेटीच्या स्मरणार्थ ३१ जुलै रोजी धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर खानदेशभरातून बौद्ध जनता जमते. त्या दिवशी तेथे वही घेऊन कोणी विचारले की तुमच्या घरी कोणाच्या अंगात येते काय, कोणाला भगताकडे नेले होते काय, तर ‘आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात तसले काही नाही’ असे उत्तर मिळेल, आणि ते अभिमानाने मिळेल. हा अभिमान आम्हांला प्रिय आहे. बावीस प्रतिज्ञांनी जे तोडले ते पुन्हा जोडावे असे कोण म्हणेल? परंतु त्याच घरातील सून दर अमावास्येला बेशुद्ध पडत असेल आणि सासू तिला अंधारात कोठे नेऊन आणत असेल, तर ती गोष्ट वहीत येत नाही. विचारणारा सवर्ण असेल तर समाजाची लाज नको म्हणून सांगत नाहीत, आणि विचारणारा आपला, विहारातला, चळवळीतला असेल तर अधिकच सांगत नाहीत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे, बांधून ठेवणे आणि एखाद्या व्यक्तीवर करणीचा आरोप करणे हे गुन्हे ठरविले. सातपुड्यात डाकीण ठरविल्या गेलेल्या स्त्रियांचे हाल ज्यांना ठाऊक आहेत त्यांना या कायद्याची आवश्यकता पटवावी लागत नाही. पण कायद्यानंतर वहीपुढचे तोंड अधिक घट्ट मिटते, हेही संशोधकाने गृहीत धरले पाहिजे. तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे की एका भेटीत प्रश्नावली भरून घेऊ नये. दोन-तीनदा जावे, स्त्रियांशी स्त्रियांनी बोलावे, घराबाहेर बोलावे, आणि ‘तुमच्याकडे’ असे न विचारता ‘एखाद्या घरी असे झाले तर लोक काय करतात’ असे विचारावे. ‘बाहेरचे लागले’ हा शब्द कोणी उच्चारला तर तो खोडू नये, जसाच्या तसा लिहावा, आणि त्या शब्दाच्या आधी त्या घरात काय घडले होते ते विचारावे. पुष्कळदा तेथे एक ब्यसन सापडते: कापसाचे बुडालेले कर्ज, मुलाचा मृत्यू, कामाच्या ठिकाणी झालेला जातीवाचक अपमान.

वारंवार पाहण्याची शिस्त विनयात आहे. गग्ग नावाचा एक भिक्खू उन्मत्त होता. त्याला कधी उपोसथ आठवे, कधी आठवत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. महावग्गात अशा भिक्खूसाठी उन्मत्तक-सम्मुती सांगितली आहे. तो आला काय, न आला काय, संघाचे कार्य अडत नाही आणि त्याला दोष लागत नाही. ही सम्मुती देताना संघाने एका प्रसंगावरून निर्णय केलेला नाही, कधी असे आणि कधी तसे हे दीर्घकाळचे वर्तन पाहिले आहे. ज्याला कधीच आठवत नाही त्याचा विचार वेगळा केला आहे. उन्मादात घडलेल्या कृत्याची आपत्ती भिक्खूला लागत नाही, हा नियम तर विनयात पदोपदी येतो.

याच गग्गाची पुढची हकीकत चुल्लवग्गात आहे आणि मनोरुग्णांच्या पुनर्वसनावर काम करणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी. गग्ग बरा झाला. तरीही भिक्खू त्याला उन्मादाच्या काळातील कृत्यांवरून छेडीत राहिले: तुला अमुक आठवते काय, तमुक आठवते काय? तो सांगे की मी तेव्हा उन्मत्त होतो, मला आठवत नाही, माझ्या हातून ते भ्रमात घडले. तरी प्रश्न थांबेनात. ही गोष्ट तथागतांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी अमूळ्हविनय नावाचा विधी घालून दिला. गग्गाने संघापुढे येऊन तीनदा याचना करावयाची आणि संघाने तो आता भानावर आहे हे मान्य करून ते प्रकरण मिटवावयाचे. अशा रीतीने मिटलेले प्रकरण जो भिक्खू पुन्हा उकरून काढील त्याला पाचित्तिय दोष लागतो.